लिहिणारा आणि प्रमाणित करणारा : शिंदखेड्याच्या महसुली दप्तरापासून सर्व्हरपर्यंत

जमिनीच्या नोंदीवर कोणा एकाची सत्ता चालू नये, हा दंडक महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात इतका मुरला आहे की त्यामागचा दीर्घ इतिहास सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यात एखाद्या शेताची खरेदी झाली, तर तिची नोंद तलाठी फेरफार नोंदवहीत धरतो. परंतु ती प्रमाणित करण्याचा अधिकार त्याला नसतो, तो मंडळ अधिकाऱ्याकडे असतो, आणि त्या दोघांमध्ये हितसंबंधितांना हरकत घेण्यासाठी नोटिशीची मुदत ठेवलेली असते. आज ही सारी दप्तरे संगणकावर गेली आहेत. कायद्याने केलेली अधिकारांची ही वाटणी टिकायची असेल, तर ती ज्या यंत्रावर दप्तर ठेवले आहे त्या यंत्राच्या अंतर्गत रचनेतही टिकावी लागते. सर्व्हरवर, म्हणजे अनेकांच्या मागण्या एकाच वेळी पुरवणाऱ्या संगणकावर, चालणाऱ्या आज्ञावलीला मुळातच सर्वाधिकार देऊ नयेत, हे संगणकशास्त्रातील तत्त्व म्हणूनच महसुली प्रशासनाच्या इतिहासाशी निगडित आहे.

शिंदखेडा तालुका तापीच्या दक्षिण तीरावर पसरला असून पांझरा नदी याच तालुक्यात मुडावदजवळ तापीला मिळते. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये हा मुलूख विरदेल या तालुक्याच्या नावाखाली आढळतो. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले तेव्हा शिंदखेडा पश्चिम खानदेशात राहिला आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्या जिल्ह्याला धुळे हे नाव मिळाले. दोंडाईचा ही मिरचीसाठी ओळखली जाणारी बाजारपेठ आणि नरडाणा येथील औद्योगिक क्षेत्र सोडले, तर तालुक्याचा बहुतांश व्यवहार शेतीवर उभा आहे, आणि शेतीचा प्रत्येक व्यवहार, मग तो पीककर्जाचा असो, वारसाहक्काचा असो की भूसंपादनाचा, शेवटी दप्तरातील नोंदीपाशी येऊन थांबतो. वीजप्रकल्पासाठी संपादित झालेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून याच तालुक्यातील विखरण येथील शेतकरी धर्मा पाटील यांनी मंत्रालयात विष घेतले आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा जमिनीचे मूल्य कागदावर कसे ठरते हा प्रश्न साऱ्या राज्यापुढे आला. नोंद कोणी लिहावी आणि ती कोणी तपासावी, हा या मुलखात केवळ कार्यालयीन सोयीचा विषय कधीच नव्हता.

पेशवाईतील गावकारभारात पाटील हा वसुलीचा आणि बंदोबस्ताचा प्रमुख, तर कुलकर्णी हा हिशेबाचा व लेखनाचा धनी असे. गावाच्या वर परगण्याच्या पातळीवर हीच जोडी देशमुख आणि देशपांडे या वतनदारांच्या रूपाने उभी असे, आणि देशपांड्याचे दप्तर गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तराहून स्वतंत्र असल्यामुळे सरकारला एका कागदाची शहानिशा दुसऱ्या कागदावरून करता येत असे. त्याहून विचारपूर्वक बांधलेली रचना मामलतदाराच्या कचेरीत होती. तेथे दरकदार, म्हणजे सरकारकडून परस्पर नेमलेले आणि मामलतदाराला काढून टाकता न येणारे अधिकारी असत. दिवाणाची सही मामलतदाराच्या पत्रांवर व हुकमांवर लागे. मुजुमदार हिशेब पाहून मान्य करी. फडणीस हुकमांवर तारीख घाली व रोजकीर्द राखी. दफ्तरदार त्या कीर्दीवरून गोषवारा तयार करून हुजुरात पाठवी. पोतनीस रोकडीच्या जमेचा व शिलकेचा हिशेब ठेवी आणि पोतदार नाण्यांची पारख करी. प्रत्येकाच्या हाती कामाचा एकेक तुकडाच असल्याने संगनमत झाल्याशिवाय अपहार लपवणे अवघड होते, आणि गैरव्यवहार दिसल्यास तो वर कळवणे हे या दरकदारांचे कर्तव्यच मानले जाई.

ही रचना दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मोडली. महालांचा वसूल अधिकाधिक बोली करणाऱ्यास मक्त्याने देण्याची पद्धत सरसकट झाली, आणि मामलतदाराच्या पदावर वेतन घेणाऱ्या अधिकाऱ्याऐवजी इजारदार, म्हणजे ठरलेल्या रकमेवर वसुलीचा हक्क विकत घेणारा मक्तेदार, येऊन बसला. वसुली, न्याय आणि बंदोबस्त हे तिन्ही अधिकार एकाच हाती आल्याने दरकदारांचा धाक उरला नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली सादर केलेल्या अहवालात या पद्धतीच्या दुष्परिणामांची सविस्तर चर्चा आहे. होळकर-शिंद्यांच्या फौजांची धुमाळी आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी आधीच उजाड झालेल्या खानदेशात असा एकहाती अधिकार रयतेला विशेष जाचक ठरला. पैशाची निकड होती आणि वाटून दिलेल्या अधिकारांतून काम सावकाश होत होते, एवढ्याच कारणासाठी पिढ्यानुपिढ्या घडलेली व्यवस्था बाजूला सारली गेली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे करून नवी घडी बसवली आणि मक्तेदारी जाऊन पगारी मामलतदार आला. पुढे जमिनीची मोजणी होऊन प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. ही मोजणी रयतेने निमूटपणे स्वीकारली नाही. १८५२ साली सावदा, यावल, एरंडोल या पूर्वेकडील भागांत तिच्याविरुद्ध मोठा असंतोष उसळला. रोकडीच्या बाबतीत तालुक्याच्या खजिन्यात दुहेरी कुलपाची पद्धत रूढ झाली. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असल्यामुळे कोणाही एकाला, तो कितीही वरच्या पदावर असला तरी, रोकड किंवा मुद्रांक एकट्याने बाहेर काढता येत नसत. लेखनाच्या बाबतीत मात्र बदल सावकाश झाला, कारण कुलकर्णी हे पद वंशपरंपरागत वतन होते आणि १८७४ च्या वतन कायद्याने त्या वारशाला नियमबद्ध रूप दिले होते. गावात लिहिता येणारा, दप्तर घरी ठेवणारा आणि पिढीजात हक्काने त्याच पदावर राहणारा माणूस एकच असेल, तर त्याच्या लेखणीवर अंकुश ठेवणे वरिष्ठांनाही जड जाई. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचे पत्रक सुरू झाले आणि १९१३ मध्ये ती तरतूद जमीन महसूल कायद्यातच सामील करण्यात आली. जमिनीवरील हक्कात होणारा प्रत्येक बदल आधी फेरफार नोंदवहीत लिहायचा आणि तपासणीनंतरच मूळ पत्रकात उतरवायचा, ही शिस्त तेथून बांधली गेली.

स्वातंत्र्यानंतर वारशाचा आधारही गेला. १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद संपले, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने आजची पद्धत निश्चित केली. संहितेच्या कलम १५० नुसार तलाठ्याने फेरफाराची नोंद घ्यायची, तिची प्रत चावडीवर लावायची आणि हितसंबंधितांना नोटीस द्यायची असते. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि वरिष्ठ अधिकारी त्याचा निर्णय करतो. हरकत नसल्यासही प्रमाणनाचा अधिकार तलाठ्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच राहतो. या तरतुदीचे मर्म असे की, तलाठी अप्रामाणिक आहे असे ती गृहीत धरत नाही. तो प्रामाणिक असो वा नसो, त्याची चूक किंवा त्याच्यावर आलेला दबाव सातबाऱ्यापर्यंत थेट पोहोचू नये, एवढीच व्यवस्था ती करते.

संगणकाच्या जगात हाच प्रश्न १९६० च्या दशकात उभा राहिला, तेव्हा एकाच यंत्रावर अनेक जण एकाच वेळी काम करू लागले होते. अमेरिकेतील एमआयटी, बेल लॅब्स आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी १९६५ च्या सुमारास हाती घेतलेल्या मल्टिक्स प्रणालीत आज्ञावलींना एकात एक असलेल्या वलयांमध्ये बसवून आतल्या वलयाला अधिक व बाहेरच्याला कमी अधिकार देण्याची योजना होती. त्या प्रकल्पातून बेल लॅब्स बाहेर पडल्यावर केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडवलेली युनिक्स प्रणाली पुष्कळ सुटसुटीत होती, आणि अधिकारांच्या बाबतीत तिने दोनच वर्ग ठेवले. सामान्य वापरकर्त्याला प्रत्येक फाइलसाठी परवानगी तपासून घ्यावी लागे. रूट या नावाच्या खात्याला, ज्याचा वापरकर्ता क्रमांक शून्य असतो, जवळजवळ कोणतीच तपासणी लागू नसे. थोड्या माणसांच्या, परस्परांवर विश्वास असलेल्या प्रयोगशाळेत ही मांडणी सोयीची होती, परंतु पुढे तीच जगभरच्या सर्व्हरांचा पाया झाली.

या धोक्याची जाणीव संगणकशास्त्राला लवकर झाली होती. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात माहितीच्या संरक्षणाची आठ तत्त्वे मांडली. प्रत्येक आज्ञावलीने व प्रत्येक वापरकर्त्याने आपल्या कामापुरतेच किमान अधिकार घेऊन चालावे, हे त्यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध तत्त्व होय. त्याच्या जोडीला आणखी दोन तत्त्वे होती : स्पष्टपणे दिलेली नसेल तर परवानगी नाहीच असे समजावे, आणि शक्य असेल तेथे कुलूप एका किल्लीने न उघडता दोन किल्ल्यांनी उघडावे. दुहेरी कुलपाचा हा दृष्टान्त तालुका खजिन्यातील कोणाही कारकुनाला नवा वाटला नसता.

तरीही सर्व्हर आज्ञावल्या अनेक वर्षे रूटच्याच अधिकारात चालत राहिल्या, आणि त्याचे कारण एका जुन्या संकेतात होते. संगणकाच्या जाळ्यावरून येणारी मागणी कोणत्या सेवेसाठी आहे हे पोर्ट नावाच्या क्रमांकावरून ओळखले जाते. टपालाचा क्रमांक २५, वेबपृष्ठांचा ८०. बर्कली विद्यापीठातून प्रसृत झालेल्या युनिक्समध्ये १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटलाच उघडता येत. सामान्य वापरकर्त्याने खोटी सेवा उभारून इतरांना फसवू नये, हा त्यामागचा हेतू चांगला होता. परंतु त्यामुळे टपाल किंवा वेबपृष्ठे पुरवणारी प्रत्येक आज्ञावली रूट म्हणून सुरू करणे भाग पडले, आणि पोर्ट उघडण्याच्या क्षणापुरता लागणारा अधिकार ती आज्ञावली चालू असेपर्यंत तिच्याकडे राहू लागला. एरिक ऑलमनने लिहिलेली सेंडमेल ही टपाल-आज्ञावली याचे ठळक उदाहरण आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला कृमी, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारी आज्ञावली, ज्या वाटांनी पसरला त्यांपैकी एक सेंडमेलमधील चाचणीसाठी ठेवलेली आणि बंद करायची राहून गेलेली सोय होती. सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाल्याचा त्या वेळचा अंदाज होता. मॉरिसच्या कृमीला पसरण्यासाठी रूटची गरज पडली नाही. तथापि बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या आज्ञावलीत भगदाड पडले की तिच्याकडे असलेला सगळा अधिकार आत शिरणाऱ्याच्या हाती जातो, हे त्या घटनेने सर्वांना दाखवून दिले.

उपाय दोन दिशांनी शोधले गेले. पहिला मार्ग काम झाल्यावर अधिकार सोडून देण्याचा होता. १९९५ मध्ये अवतरलेल्या अपाची या वेब सर्व्हरमध्ये एक मूळ प्रक्रिया रूट म्हणून सुरू होऊन पोर्ट उघडते, आणि मागण्या हाताळणाऱ्या उपप्रक्रिया मात्र कोणतेही विशेष अधिकार नसलेल्या वेगळ्या खात्यावर चालतात. दुसरा मार्ग आज्ञावलीचेच तुकडे करण्याचा होता. डॅनियल बर्नस्टाइन यांची क्यूमेल आणि वीत्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना १९९८ साली प्रसृत केलेली पोस्टफिक्स या टपाल-आज्ञावल्यांनी टपाल घेणे, ते रांगेत ठेवणे आणि पोहोचवणे ही कामे वेगवेगळ्या लहान आज्ञावलींकडे सोपवली आणि त्यांना परस्परांच्या शब्दावर आंधळेपणाने विसंबू दिले नाही. नील्स प्रोव्होस यांनी दूरस्थ प्रवेशाच्या ओपनएसएसएच या आज्ञावलीत हीच कल्पना आणली : अनोळखी पाहुण्याशी बोलणारा भाग अधिकारशून्य ठेवायचा आणि ओळख पटवण्याचे मोजके काम दुसऱ्या, अधिकार असलेल्या लहानशा भागाने त्याच्या मागणीवरून करायचे. २००२ साली ही वाटणी मूळ मांडणीचाच भाग झाली, म्हणजे कोणी मागितली नाही तरी ती लागू राहू लागली. पोस्टग्रेएसक्यूएल ही डेटाबेस आज्ञावली, म्हणजे नोंदींचा साठा सांभाळणारी प्रणाली, तर रूट म्हणून सुरू होण्यासच नकार देते. सर्व्हर चालवणाऱ्याला आधी तिच्यासाठी स्वतंत्र, मर्यादित खाते उघडावे लागते.

विंडोजच्या बाजूला हा धडा अधिक महागात पडला. विंडोज २००० च्या सर्व्हर आवृत्तीसोबत वेब सर्व्हर मुळातच बसवलेला येई, आणि त्याच्या ज्या घटकात दोष निघाला तो यंत्राच्या सर्वोच्च, सिस्टिम या अधिकारात चालत होता. जुलै २००१ मध्ये कोड रेड नावाच्या कृमीने १४ तासांच्या आत ३,५९,००० हून अधिक संगणक बाधित केले. त्यांपैकी कित्येकांच्या मालकांना आपल्या यंत्रावर वेब सर्व्हर चालू आहे याची कल्पनाही नव्हती. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी सुरक्षिततेला अग्रक्रम देणारे पत्रक कंपनीत काढले, आणि २००३ च्या सर्व्हर आवृत्तीत वेब सर्व्हर मागितल्याशिवाय बसेनासा झाला व त्याची कामकरी प्रक्रिया नेटवर्क सर्व्हिस या दुय्यम खात्यावर चालू लागली. दोष शून्यावर आणता येत नाहीत. पण दोषातून होणाऱ्या नुकसानीला आधीच कुंपण घालता येते, हा विचार त्यानंतर सर्वमान्य झाला.

सर्वमान्य झालेली गोष्टही सोयीपुढे पुन्हा मागे पडते, याचा प्रत्यय पुढच्या दशकात आला. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे आज्ञावली व तिची सारी सामग्री एका बंदिस्त कंटेनरमध्ये भरून कोणत्याही यंत्रावर चालवणे सोपे झाले, परंतु त्या कंटेनरच्या आतील प्रक्रिया, वेगळे सांगितले नाही तर, रूट म्हणूनच चालते. फेब्रुवारी २०१९ मध्ये उघड झालेल्या एका दोषामुळे अशा कंटेनरमधून बाहेर पडून मूळ यंत्रावर रूटचा ताबा मिळवणे शक्य होते. लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडी या व्यवस्थापकातही कोणत्या खात्यावर सेवा चालवायची हे लिहिले नाही, तर ती रूटच्या नावावर सुरू होते. अधिकार आखडून घेण्याची साधने दोन्हीकडे उपलब्ध आहेत. लिनक्सने १९९९ च्या २.२ आवृत्तीतच रूटच्या एकसंध सत्तेचे स्वतंत्रपणे देता येणारे तुकडे पाडले होते. फक्त ही साधने वापरण्यासाठी कोणीतरी आठवणीने चार ओळी लिहाव्या लागतात, आणि घाईत नेमक्या त्याच ओळी राहून जातात.

महाराष्ट्रात या दोन परंपरा जमिनीच्या दप्तरात एकत्र आल्या. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली. राष्ट्रीय सूचना केंद्राने राज्यासाठी ई-फेरफार ही आज्ञावली विकसित केली. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन करून संगणकीकृत सातबारे लोकांसमोर तपासले गेले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. या पद्धतीत तलाठी व मंडळ अधिकारी आपापल्या डीएससी टोकनने, म्हणजे डिजिटल स्वाक्षरी साठवलेल्या लहान उपकरणाने, ओळख पटवतात आणि कलम १५० मधील पायऱ्या पडद्यावर त्याच क्रमाने येतात. तलाठ्याच्या खात्यावर प्रमाणनाची सोय दिसत नाही, तशीच मंडळ अधिकाऱ्याला नवी नोंद परस्पर धरता येत नाही. वापरकर्त्यांची खाती सांभाळण्याचे काम तहसील कार्यालयातील नायब तहसीलदाराकडे असते, त्याला कार्यालयीन बोलीत डीबीए म्हणतात. त्याचा अधिकार खाते देण्या-घेण्याचा असतो, नोंदीचा नव्हे.

पडद्यावरची ही वाटणी खालपर्यंत पोहोचली तरच खरी ठरते. पडद्यामागे एक सर्व्हर आज्ञावली असते, आणि तलाठी काय किंवा मंडळ अधिकारी काय, दोघांच्याही वतीने डेटाबेसमध्ये प्रत्यक्ष लिहिण्याचे काम तीच करते. अशी आज्ञावली डेटाबेसच्या सर्वाधिकारी खात्यावर जोडलेली असेल आणि यंत्रावरही रूट म्हणून चालत असेल, तर तिच्यातील एखादा दोष सापडलेल्या माणसाला तलाठ्याचे टोकन लागत नाही, नोटिशीची मुदत पाळावी लागत नाही आणि प्रमाणनाची वाट पाहावी लागत नाही. प्रमाणित नोंद तो थेट पत्रकात उतरवू शकतो, आणि ती कोणी केली याची खूणही पुसू शकतो. उलट नोंद धरणाऱ्या भागाला केवळ नवी फेरफार नोंद घालण्याची परवानगी असेल, प्रमाणित पत्रकात लिहिणारा भाग वेगळ्या खात्यावर असेल आणि कामकाजाची रोजकीर्द या दोघांनाही बदलता येणार नाही अशा ठिकाणी ठेवलेली असेल, तर एका भागात पडलेले भगदाड त्या भागापुरतेच राहते. दिवाण, मुजुमदार आणि फडणीस यांना एकाच कचेरीत बसवूनही परस्परांपासून स्वतंत्र ठेवण्यात पेशवाईच्या कारभाऱ्यांनी साधले होते ते हेच.

दोन्ही इतिहास शेजारी ठेवून पाहिले, तर सर्वाधिकार एकवटण्यामागे दुष्ट हेतू क्वचितच दिसतो. पेशव्यांना रोकड हवी होती, म्हणून मक्ता आला; पोर्ट उघडायचे होते, म्हणून सेंडमेल रूट झाली; आज्ञावली लवकर चालवून दाखवायची होती, म्हणून कंटेनर तसाच राहिला. प्रत्येक वेळी क्षणिक गरजेसाठी दिलेला अधिकार परत घेण्याचे काम कोणाच्याच नावावर नव्हते. म्हणून अधिकाराच्या कोणत्याही व्यवस्थेची परीक्षा करताना सर्वोच्च पदाला काय करता येते हे पाहणे पुरेसे नसते. कोणी काहीही मागितले नसताना, नव्याने रुजू झालेल्या कारकुनाला किंवा नव्याने बसवलेल्या आज्ञावलीला काय करता येते, हे आधी पाहावे लागते. शिंदखेड्याच्या शेतकऱ्याला सर्व्हरची रचना ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला संहितेने दिलेला हरकतीचा हक्क मात्र त्या रचनेवर अवलंबून आहे, आणि म्हणून सर्व्हरवरील खात्यांची मांडणी हा यंत्रचालकांचा खाजगी विषय न राहता नोंदवही आणि नोटीस यांच्याच पंक्तीतला महसुली प्रशासनाचा विषय ठरतो.